मुरुमच्या माळावरचं आदर्श नगर

१४ ऑक्टोबर १९४४. मुरुम.
उमरग्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण आलो एकदाचा.
गाव पाहिलं. त्याला गाव म्हणणं हा माझा मोठेपणा. गल्ली चांगली सरळ निघते आणि मधेच कुणाच्या तरी गोठ्याचा मान राखून वळते. गटार वेगळं काढलेलं नाही, कारण रस्ता आहेच. माणसं मात्र खुशाल. ओट्यावर बसून माझ्याकडे असं बघत होती, जणू मी सर्कशीतून सुटलोय.
डीनसाहेबांनी साफ सांगितलंय. 'बाजारगावाची पुनर्रचना' हा माझा विषय मंजूर. फेब्रुवारीत ते जातीनं बघायला येणार. नव्या पद्धतीची वसाहत उभी दिसली तर कॉलेजातली नगररचनेची रीडरची जागा माझी. नाही दिसली तर हैद्राबादला परत, इंटरच्या वर्गाला बँकिंग शिकवायला. तो वर्ग मी सात वर्षं सोसलाय. जांभया देणारी तोंडं बघून बघून मला दातांची डॉक्टरकी यायला लागली आहे.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज प्रबंधाची दहा पानं. कन्नड शिकणे, कारण इथले निम्मे व्यापारी आपसात तेच बोलतात. अडाण्यांवर न चिडणे.

१५ ऑक्टोबर. सकाळी पावणेनऊ.
आत्ता उठलो. प्रवासाचा शीण. उद्यापासून.

२२ ऑक्टोबर
राहायला महालिंगप्पांच्या दुकानावरची खोली मिळाली आहे. तेल-पेंडीचा व्यापार. माणूस सज्जन, म्हणजे कमी बोलतो. जेवण त्यांच्या आई शांताक्का पाठवतात. त्या मला 'मास्तर' म्हणतात. मी लेक्चरर असल्याचं दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, व्हय व्हय, आणि अजून एक भाकरी वाढली.
आज देवळात सभा घेतली. भिंतीवर नकाशा टांगला. सरळ रस्ते, चौक, वाचनालय, बगीचा. पाटील हिंमतरावांनी विचारलं, की ह्यात माझं घर कुठं हाय? मी छडीनं दाखवलं. तिथं बगीचा होता. त्यानंतर सभेचा रंग उतरला.
मी त्यांना म्हटलं, जुनं गाव राहू द्या, माळावर नवं वसवू. कुणी जागचं हललं नाही. मागून दोघं-तिघं म्हणाले, 'ब्याड.' कन्नडमध्ये ब्याड म्हणजे नको. माझा कन्नडचा अभ्यास सुरू झाला.

३० ऑक्टोबर
गावकऱ्यांवाचून काही अडत नाही. गोरोबा नावाचा एक रोजगारी घेतला आणि दोघांनी मिळून माळावर चुन्याच्या रेषा मारल्या, दर प्लॉटला चार खुंट्या ठोकल्या. संध्याकाळच्या उन्हात काय दिसत होतं! मी गोरोबाला विचारलं, हे बघून काय वाटतं. तो म्हणाला, 'कबड्डीचं लई मोठं मैदान झालं.' असल्या माणसांत राहून मी काम करतोय, हे रीडरशिपच्या कमिटीला कधी कळणार नाही.

९ नोव्हेंबर
निम्म्या खुंट्या गायब. उरलेल्यांना म्हशी बांधल्यात.
प्रबंधात नोंद: 'सार्वजनिक सोयींचा उपयोग करण्याकडे लोकांचा कल वाढतो आहे.'
प्रबंधाची पानं अजून सुरू नाहीत. आधी विचार पक्के व्हावे लागतात.

२४ नोव्हेंबर
गावात उंदीर मरून पडू लागले. शांताक्का जेवण घेऊन स्वतः वर आल्या आणि म्हणाल्या, 'मास्तर, उंदीर पडाय लागलेत, बिछाना गुंडाळा, समद्यांनी माळावर जायाचं हाय.' प्लेगची साथ आली की सगळं गाव घरं बंद करून माळावर खोपी घालून राहतं म्हणे. त्यांच्या सासूच्या काळापासून ही चाल आहे.
कोणत्या माळावर, असं मी विचारलं.
माझ्या!

२७ नोव्हेंबर
अख्खं मुरुम माझ्या नगरात राहायला आलं आहे. गाड्या, पेट्या, पाळणे, कोंबड्या, सगळं. दिवसभर कडब्याच्या खोपी उभ्या राहतायत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूळही फार होती.)
मी काही दूधखुळा नाही. उंदरांचं मला कळतं. पण उंदीर हे निमित्त. एका प्राध्यापकाच्या सांगण्यानं आपण घरं सोडली, हे कबूल करायला ह्या लोकांना जड जातं. म्हणून उंदीर पुढे केले. अडाणी माणसाला सुधारणेसाठी काही तरी सबब लागतेच; मी ती त्यांना खुशाल घेऊ दिली.

२ डिसेंबर
उमरग्याला जाऊन डीनसाहेबांना तार केली: वसाहत उभी. लोक राहते झाले. १५ फेब्रुवारीला येण्याची कृपा व्हावी. प्लेगचा उल्लेख केला नाही. तारेत शब्दाला पैसे पडतात.

१९ डिसेंबर
एक बारीक अडचण. खोपी माझ्या रेषांवर नाहीत. गावात जो ज्याचा शेजारी, तोच इथं शेजारी. गल्ली गावात जिथं वळायची, तिथंच इथंही वळते, आणि इथं तर वळायला गोठासुद्धा नाही! मोकळ्या माळावर वाकडं चालायला काय लागतं, ते ह्यांनाच ठाऊक. वाचनालयाच्या प्लॉटवर महालिंगप्पांनी पेंडीची पोती रचलीत. मी हटकलं, तर ते म्हणाले, पोथ्या आल्या की सरकवतो.
डीनसाहेब फार जवळ येणार नाहीत. मोटारीतून सरळच दिसेल.
नवा संकल्प: पहाटे सहा.

१६ जानेवारी १९४५
संक्रांत झाली. तिळगूळ भरपूर, पण बोलणं एकच: घरी कधी जायचं. मी समजावून सांगतो, इथं हवा आहे, उजेड आहे. थंडीबी हाय, असं हिंमतराव म्हणतात.
सगळ्यांत जास्त घाई शांताक्कांना. सून शिवकांता गरोदर आहे, दिवस भरत आलेत. गाव सोडण्याआधीच त्यांनी बाळंतिणीची खोली शेणानं सारवून, चुन्यानं पांढरी करून ठेवली होती. लगीन होऊन नऊ वर्सांनी पाळणा हलतोय, ते लेकरू घरातच व्हायला पायजे, असं त्या रोज मला ऐकवतात. जणू माळावर ह्यांना मी धरून ठेवलंय! मी म्हटलं, खोली ती खोली. बायकांचा जीव भिंतीत अडकलेला असतो; ह्यावर एक परिच्छेद लिहिता येईल.

२१ जानेवारी
इथली शास्त्रीय पद्धत ऐका. वेशीजवळच्या चार घरांत मूठमूठ जोंधळा ठेवायचा. तीन दिवसांनी पाटलानं जाऊन बघायचं. दाणे उंदरानं खाल्ले असले तर घरात जिता उंदीर फिरतोय, म्हणजे रोग गेला, गाव परत आत. दाणे तसेच राहिले तर बाहेरच मुक्काम. झालं! लंडनचे लोक उगाच लॅबोरेटऱ्या बांधतात.
आज जोंधळा ठेवला.

२३ जानेवारी. दुपारी.
लोक शेतात असताना सहज गावात चक्कर मारली. चारही घरांतले दाणे साफ. एका घरात तर उंदीर माझ्यासमोर उभा राहून मिशा पुसत होता.
डीनसाहेबांना यायला तीन आठवडे आहेत. उद्या पाटील हे बघणार, परवा माळ मोकळा.
सामाजिक संशोधनात परिस्थितीवर नियंत्रण ठेवावंच लागतं. महालिंगप्पांच्याच घरच्या पोत्यातला जोंधळा खिशात होता. (भाजून खायला घेतला होता.) चारही जागी मूठमूठ ठेवला. उंदराला हाकललं. ह्यात कुणाचं नुकसान नाही. हवा तर उत्तम आहे.

२८ जानेवारी
पाटलांनी परत जोंधळा ठेवला होता. मी परत नियंत्रण ठेवलं. ह्या वेळी मन अजिबात कचरलं नाही. हीच संशोधकाची वाढ.

२ फेब्रुवारी
मंडळी रात्री जेवून बसली होती. हिंमतराव म्हणाले, दोनदा दाणं तसंच ऱ्हायलं, असं आजवर कधी झालं न्हाय, रोग मुरलाय, माळ गावाला लई जवळ पडतो. सगळ्यांनी माना हलवल्या.
मला वाटलं, आता माळावर कायमच्या भिंती घालायचं बोलतील. मी वहीसुद्धा उघडली.
ठरलं ते असं: ज्यानं त्यानं आपल्या पाहुण्यांच्या गावी जायचं.

४ फेब्रुवारी
गाड्या निघाल्या. उमरगा, अक्कलकोट, तुळजापूर, ज्याचे सोयरे जिथं. मी प्रत्येक गाडीला आडवा गेलो. उजेडाबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो. 'ब्याड.'
शिवकांताला गाडीत गोधड्यांवर निजवलं होतं. कळा येऊन गेल्या होत्या म्हणे. शांताक्का मला म्हणाल्या, 'मास्तर, तुमीबी चला. एकट्यानं ऱ्हाऊ नका, तुमच्या आईला काय वाटंल?' आणि पाच दिवसांच्या भाकरी बांधून दिल्या.
त्या वेळी मला काही तरी सांगावंसं वाटलं. पण गाडी सुरू झाली होती, आणि अशा वेळी माणसाला थांबवू नये.

९ फेब्रुवारी
लोकसंख्या: मी. पाटील हिंमतराव पलीकडच्या मळ्यात आहेत, पण ते नगराच्या हद्दीबाहेर.
भाकरी वाळल्या. पाण्यात बुडवून खाल्ल्या.
डीनसाहेबांना सांगायचं: लोक कामावर गेलेत.

१५ फेब्रुवारी
मोटार अकराला आली. हिंमतराव नवा फेटा बांधून हार घेऊन उभे. डीनसाहेब खाली उतरले, खोपी पाहिल्या, आत डोकावले. एका चुलीतली राख बोटानं चाळवली. मग विचारलं, माणसं कुठं आहेत.
कामावर, असं मी म्हणालो. सगळी? असं त्यांनी विचारलं. म्हातारी, मुलं, गुरं?
मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, हा माणूस विद्वान आहे, ह्याला पद्धतीचं महत्त्व कळेल. सगळं सांगितलं. उंदीर, मूठभर जोंधळा, मी दोनदा केलेलं नियंत्रण. फक्त वेळेचं गणित चुकलं. पद्धतीत खोट नाही. बोलता बोलता मी रंगात आलो होतो. डीनसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले.
हिंमतराव शेजारीच उभे होते. ते डीनसाहेबांना म्हणाले, 'सायेब, मंजे गावात उंदीर हाय की!' आणि हार माझ्या हातात कोंबून घोडीकडे पळाले.
डीनसाहेब मोटारीत बसताना एवढंच म्हणाले, की इंटरचा वर्ग एक मार्चपासून घ्या.

१६ फेब्रुवारी
डीनसाहेब जुन्या वळणाचे. अशा माणसांच्या हाती विद्या गेली की हेच व्हायचं. रीडरची जागा मला तशी नकोच होती. त्यात कमिट्या फार.

१८ फेब्रुवारी
पाटलांनी चारी दिशांना निरोप धाडले आणि गाड्या परत येतायत. सगळ्या सरळ जुन्या गावात. वाटेत मला बघून कुणी शिवी दिली नाही. बघतच नाहीत.
घरी जाताना खोपी जाळायच्या, ही चाल. गोरोबा मशाल घेऊन आला आणि म्हणाला, 'मास्तर, तुमचं सामान भाईर काढा.' काढलं. कडबा भराभर पेटतो. दुपारी चहाच्या वेळेपर्यंत आदर्श नगर संपलं.

२० फेब्रुवारी
निघताना महालिंगप्पांच्या घरी निरोप घ्यायला गेलो. न जाताही चाललं असतं. गेलो.
आतून लहान पोराचं रडणं येत होतं. शांताक्का बाहेर आल्या. पाट मांडला, ताट वाढलं. पाठमोऱ्या होऊन एवढंच म्हणाल्या, 'खोली पांढरी करून ठिवली हुती मास्तर. पोरगं उमरग्याच्या वाटंवर झालं, गाडीत. लई गारठा हुता.' मी विचारलं, दोघं ठीक? त्या म्हणाल्या, देवाची किरपा. आणि अजून एक भाकरी वाढली.
ती मला गिळता येईना. ताटात टाकणंही बरं दिसेना. लोकसंख्येत एकाची भर, अशी नोंद करायला वही काढली आणि परत ठेवली.
दुपारी बैलगाडी मिळाली. मुरुम सुटल्यावर गाडीवानानं विचारलं, की सायेबांचं गावात काय काम हुतं. मी झोप लागल्यासारखं केलं. तो चांगला माणूस असावा. त्यानं पुन्हा विचारलं नाही, बैलांना मात्र हळू हाकायला लागला.