एकशे चाळीसची पट्टी

प्रिय ओमचे पप्पा,

तुमचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला. येत्या दिवाळीत मी पोरांना घेऊन हैदराबादला, त्या मोठ्या पार्कात जायचं ठरवलंय, आणि तुमचा मुलगा यायला नाही म्हणतोय. म्हणून लिहिते आहे. भांडायचंय तुमच्याशी, आणि समोर तुम्ही नाही.

"तुम्ही दोघी जा," म्हणाला. "मी बुटका होतो म्हणून पप्पांचं जायचं राहिलं. मी कशाला मजा करू?"

अकरा वर्षांचं पोर! कुणी घातलं हे त्याच्या डोक्यात?

आठवतंय का? रविवारी पोरं घरी आणि तुम्ही चाकणला कंपनीत. गुरुवारी तुमची सुट्टी, तर पोरं शाळेत. मोशीत येऊन इतकी वर्षं झाली, चौघांची मिळून सुट्टी अशी नव्हतीच. दिवाळीत कंपनी आठवडाभर बंद राहते, तेव्हा हैदराबादला जाऊ, हे तुम्हीच काढलंत. मोबाईलवर मोठ्या पाळण्याचे व्हिडिओ दाखवलेत. आपल्या थोरल्या ऋतुजाने वहीत यादी केली, पहिल्या दिवशी काय बघायचं, दुसऱ्या दिवशी काय, गाडीत खायला काय न्यायचं.

आणि मग तुम्ही ती ॲल्युमिनियमची पट्टी आणलीत. एकशे चाळीस सेंटिमीटर, टोकं घासून गुळगुळीत केलेली. "ओम याच्याइतका झाला की निघायचं. कमी उंचीच्या पोरांना तिथे पाळण्यात घेत नाहीत."

दर गुरुवारी सकाळी, शाळेच्या गणवेशात, तो दाराला पाठ टेकून उभा राहायचा. तुम्ही पट्टी लावायचात आणि एक डोळा मिटून बघायचात, कंपनीत पार्ट तपासायचात तसं.

"रिजेक्ट!"

"पप्पा, परत बघा ना. केस नका दाबू."

"केस धरत नसतात राव. पुढच्या लॉटला या."

ऋतुजा म्हणायची, "बुटक्या, तुझ्यामुळे अडलंय सगळं." आणि मी? मीही हसायचे, चांगली मोठ्याने. ते तुमच्यावर ढकलत नाही.

तो दाराच्या चौकटीला लोंबकळायचा. दुधाचा तिटकारा, तरी दोन-दोन पेले नाक दाबून प्यायचा. एकदा मोज्यात पुठ्ठा घालून उभा राहिला, तर तुम्ही तो पुठ्ठा बाहेर काढून शेजाऱ्यांना दाखवलात! तीन दिवाळ्या अशाच गेल्या; जायचं नाहीच तर घरी बसून काय करू, म्हणत तुम्ही सुट्टीतही कामावर जायचात.

मग तुम्ही गेलात. सकाळच्या शिफ्टला जाताना, बसमध्येच, छातीत कळ येऊन. मी भरून दिलेला डबा न उघडता परत आला.

चौथ्या महिन्यात ओम ती पट्टी घेऊन स्वयंपाकघरात आला. "मम्मी, धर." मी धरली. भरला होता, बोटभर जास्तच. त्याने पट्टी कपाटामागे ठेवली आणि उशीत तोंड खुपसून पडून राहिला.

गेल्या आठवड्यात पार्कचे नियम मी स्वतः वाचले. पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून जमवलेलं माझं इंग्रजी, ज्याला तुम्ही हसायचात, तेच. अडलेले शब्द ऋतुजाला विचारत शेवटपर्यंत गेले. मोठ्या पाळण्याला एकशे वीस लागतात. एकशे वीस! अहो, तो तिसरीतच पास होता!

आधी वाटलं, चुकून झालं असेल. शंका आली की पार्ट बाजूला टाकायचा, ही तुमची सवय. त्या सवयीनेच जास्त धरलं असेल. बघा, अजून तुमच्यासाठी सबबी शोधते मी.

पण मग तुमच्या वर्षश्राद्धाला पंगतीत तुमच्या कंपनीतले शिंदे भाऊजी बोलले होते ते आठवलं. बिचारे तुमचं कौतुक करत होते. "वहिनी, असा माणूस मिळायचा नाही. दिवाळीत आख्खी कंपनी बंद, आम्ही सगळे गावाला, आणि हा तिन्ही वर्षं मापाची हत्यारं तपासायला थांबला. कोण थांबतंय म्हणून साहेबांनी विचारलं, की याचा हात वर."

हात वर! म्हणजे सुट्टी नव्हतीच कधी. साहेबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि घरी ते कबूल करायचीही नव्हती. मग कुणाच्या माथी मारायचं? घरात सगळ्यात लहान कोण होतं?

सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी दोन दिवस बोलले नसते. ऋतुजाने वही भिरकावली असती. एवढंच ना? तेवढं टाळायला पोराला दर आठवड्याला दाराशी उभं केलंत! आणि अशा माणसाची मला रोज आठवण येते. आज त्या आठवणीचीच लाज वाटते.

काल सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाल्या, "गेलेल्याचं वाईट काढू नये बाई. पोराला त्याचा बाप चांगलाच राहू दे."

"आणि पोराने स्वतःला वाईट समजायचं?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

उद्या ओम शाळेतून आला, जेवला, की त्याला जवळ बसवून सांगणार आहे. एकशे वीसचं सांगणार, तुमच्या वर गेलेल्या हाताचं सांगणार, मी हसायचे तेही सांगणार. तो तुमचा फोटो भिंतीवरून काढायला निघाला तर अडवणार नाही. तरीही हैदराबाद नको म्हणाला, तर नको. कुणी विचारलं तर या वेळी खरं कारण सांगेन.

एवढं वचन देते, तुमच्याबद्दल त्याला एक शब्दही खोटा सांगणार नाही. पण तुमची बाजूही मांडणार नाही. ती मांडायला तुम्हाला तीन वर्षं होती.

तुमचीच,
सुनीता