समोरून येणाऱ्या दोन बस

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बसच्या नव्या गिअरबॉक्सवर दीड पान लिहिलंयस आणि स्वतःच्या डोक्यावर एक ओळही नाही! वहिनी सांगते, रोज कपाळाला रुमाल बांधून घरी येतोस.

तिने पाठवलेला तुझा डेपोतला फोटो मी दवाखान्यात टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. आमचे दातांचे डॉक्टर तो बघून म्हणाले, हे गृहस्थ कोणावर एवढे डोळे वटारताहेत? मी म्हटलं, माझा भाऊ आहे, स्वभावाने अगदी गाय. तेव्हा त्यांनी विचारलं, यांना थायरॉइड आहे का? मी म्हटलं, आहे, पण फोटोवरून कसं कळलं? डोळ्यांच्या डॉक्टरांना लवकर दाखवा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

दादा, आमच्याकडे येणारे सगळे हेच सांगतात. दुखतं पण फार नाही, सुटी मिळत नाही, आपोआप थांबेल. त्यांचा दात जातो. तुझं काय जाईल, ते मला लिहायला लावू नकोस.

लोभ कमी करू नकोस, सिगारेट कर.

तुझी रागावलेली
टिटवी

ता. ११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दातवाल्याने दात बघावेत. थायरॉइड गळ्यात, डोळे कपाळाखाली, मधे अख्खं तोंड! त्यांचा एकमेकांशी काय संबंध? गोळ्या घेत होतो, बरं वाटलं म्हणून थांबवल्या. धडधड नाही, वजन भरलंय, आणखी काय हवं? डोळे मोठे दिसतात म्हणे. लहानपणी बटणासारखे आहेत म्हणून तूच चिडवायचीस.

डोकं दुखतं ते इंजिनाच्या आवाजाने आणि उरलेलं तुझ्या वहिनीच्या. शिवाय मी स्वस्थ बसलेलो नाही. तिसरा चष्मा केलाय. चष्मेवाला म्हणतो, नंबर बरोबर आहे, आता मला त्रास देऊ नका. सकाळी जरा दोन-दोन दिसतं, पण एक डोळा मिटला की सगळं जागेवर येतं. घाटातसुद्धा काही अडत नाही.

माझा लोभ गृहीत धरावा आणि डॉक्टरचा सल्ला त्याचा त्याला परत करावा.

तुझा
दादा

ता. १५ फेब्रुवारी

दादा,
सा. न. वि. वि.

एक डोळा मिटून घाट? बसभर माणसं घेऊन? आणि हे तू मला अशा थाटात लिहितोस, जणू छत्री विसरल्याचं सांगतोयस! हे वाचता वाचता समोरच्या पेशंटचा फोन नंबर मी त्याच्या वयाच्या रकान्यात लिहिला.

आता विनवणी संपली. येत्या रविवारपर्यंत डॉक्टरकडे गेला नाहीस, तर मी तुझ्या डेपो मॅनेजरला सगळं कळवणार. मग बहीण नाही म्हणालास तरी चालेल. बहीण नाही म्हणायला भाऊ जिवंत तरी राहील.

टिटवी

ता. २० फेब्रुवारी

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

मॅनेजरला काही कळवू नका. ह्यांनी स्वतःच सांगितलं.

काल पुलाच्या अलीकडे ह्यांना समोरून दोन बस येताना दिसल्या. नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटला, तर उजव्याने सगळं धुरकट, काचेवर वाफ धरल्यासारखं. मग बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि प्रवाशांना सांगितलं की उतरा, मला दिसत नाही. लोकांनी शिव्या घातल्या. एकाची मुलाखत होती, तो तर अंगावर धावून आला. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत हे कठड्यावर मान खाली घालून बसून होते.

घरी आल्यावर मी ह्यांचा डावा डोळा झाकून माझ्या स्वेटरचा रंग विचारला, तर तपकिरी म्हणाले. मी लाल स्वेटर घातला होता, वन्सं. तशीच पायांत चपला अडकवून त्यांना रुग्णालयात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा थायरॉइडचाच प्रताप. डोळ्यांमागचे स्नायू सुजून नजरेच्या नसेवर दाब आलाय, डोकेदुखीही त्याचीच. आणखी थांबले असते तर उजवा डोळा गेलाच असता. सिगारेट म्हणजे आगीत तेल, असंही सुनावलं. ह्यांनी खिशातलं पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, तो कुठल्या खात्यात गेला?

सलाईनमधून औषध सुरू केलंय. मी शेजारी बसून हे लिहितेय. तुमची माया असू द्या, सध्या तिच्यावरच निभावतंय.

तुमची
वहिनी

ता. ९ जून

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आता मीच लिहू शकतो. रंग परत आले, डोकं दुखायचं थांबलं, गोळ्या वहिनी पहारा देऊन गिळवते. समोर बघितलं तर एक, वर बघितलं तर अजून दोन. त्यासाठी चष्म्यात तिरकी काच बसवलीय. पुढे स्नायूंचं ऑपरेशन करावं लागेल कदाचित.

बस मात्र गेली. प्रवासी घेऊन आता कधीच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. डेपोने चौकशीच्या खिडकीत बसवलंय. डोक्यावर हा मोठा फलक, त्याखाली उभं राहून लोक मलाच विचारतात की बस कधी सुटेल! दिवसभर ओरडून ओरडून माझा टिटवा झालाय.

परवा माझ्याच मार्गावरच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो. चालवायला नवी मुलगी. प्रत्येक वळणावर माझा पाय ब्रेक दाबत होता आणि खाली नुसता पत्रा. उतरताना तिने विचारलं, कशी चालवली? मी म्हटलं, उतारावर ब्रेक उशिरा लावतेस, बाकी चांगली. खरं तर उत्तम चालवली होती.

घरी येऊन दाराआड बसलो आणि पोरासारखा रडलो. रडून डोकं दुखायला लागलं, तर तुझी वहिनी मला दंडाला धरून रुग्णालयात न्यायला निघाली. हे ते दुखणं नव्हे, हे तिला पटवता पटवता नाकी नऊ आले. पटल्यावर ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिलाही रडू आलं.

तुझ्या रागातून लोभ येतोच, तो असाच येत राहो.

तुझा
दादा