आईच्या खोलीतली भिंत

साधना,

तू दळणाला गेलीस आन् एसटीची वेळ झाली, म्हणून लिहून ठेवतो. आईला पुसेगावला दादाकडं सोडायला चाललो. आठ दिवसांसाठी, असं तिला सांगितलंय. तिचा फोन आला तर तू जास्तीचं बोलू नको.

न्हाणीच्या दारातून अंघोळीचा टब जाईना म्हणून आधी टब बसवून मग आईच्या खोलीकडची भिंत बांधली, ते डोकं तुझंच. आता टबाखालचा पाइप गळाय लागलाय आन् तिथं हात घालायला फक्त आईच्या खोलीतून जागा हाय. दहाला मिस्त्री येईल. आईची बाज बाहेर काढ, त्याला भिंत फोडू दे. तिथं आता पाइपासाठी कायमचं उघडायचं झाकण बसंल, त्याच्यापुढं बाज मावत न्हाई. आई आता तिकडंच ऱ्हाईल, ते दादाला तिथं गेल्यावर सांगतो.

आई पिशवी घेऊन ओसरीवर बसलीय. मघाशी विचारत होती, "आल्यावर मला बी बसवशील का रे टबात?" मी व्हय म्हणलं. तिनं पाय घासायचा दगड टबाच्या काठावर ठेवलाय, आल्यावर हुडकावा लागू नये म्हणून. त्यानं टबाला चरे पडतात. फेकून दे.

भागवत