दहा महिन्यांचा रकाना

मनीषनगर, नागपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भाऊजी,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. आईचे गुडघे थंडीत फार दुखत होते, आता ऊन वाढलं तसे जरा बरे आहेत. मेघाताई आणि अबोली काल कोराडीहून आल्या होत्या. रात्री राहिल्या आणि आज दुपारच्या बसने परत गेल्या. अबोलीचा पुढचा एक दात पडला आहे. तो तुम्हाला दाखवायचा म्हणून तिने काड्यापेटीत ठेवला आहे, आणि ती पेटी कोणालाच उघडू देत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच "असू दे गा" म्हणता आणि माझं बोलणं तिथेच राहून जातं. पत्रात तुम्हाला तसं म्हणता येणार नाही. हे मी आधी दोनदा कच्चं लिहिलं, आता पक्कं लिहीत आहे.

बुटीबोरीच्या कारखान्यातल्या नोकरीचं काय झालं, हे तुम्ही मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणालात, "तू तं त्यायच्यातच बसतो मोहित. मॅडमले विचार न एकदा, माह्यात काय कमी पडलं. राग नाही येत मले, फक्त समजलं पाहिजे." त्याचं उत्तर देण्यासाठीच बसलो आहे. आधी मॅडम आणि सर काय सांगतात ते लिहितो, ते तुमच्या उपयोगाचं आहे.

आमचं ऑफिस म्हणजे दोनच माणसं, बाकी आम्ही हाताखालचे. मधुसूदन सरांनी कापड गिरणीत माणसं घेण्याचं काम सव्वीस वर्षं केलं. देशकर मॅडम त्यांच्याहून लहान, पण या धंद्यात त्यांनाही वीस वर्षं झाली. कारखान्यांना मॅनेजर, विभागप्रमुख आणि देखभालीची अनुभवी माणसं शोधून देणं हे त्यांचं काम. मॅडम पहिल्याच फोनवर उमेदवाराला सांगतात, "मी तुमच्यासाठी नोकरी शोधत नाही, कंपनीसाठी माणूस शोधते. हे लक्षात ठेवलं तर माझा राग येणार नाही." तरी लोकांना राग येतोच.

सर म्हणतात, बायोडाट्यात 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' लिहू नये, आळशी माणूसही तेच लिहितो. कोणतं यंत्र बंद पडलं होतं, किती तासांत सुरू केलं, हाताखाली किती माणसं होती, तेवढं लिहावं. आधीच्या साहेबाबद्दल वाईट बोलू नये, तो खरोखर वाईट असला तरी. मुलाखतीत उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं आणि गप्प बसावं. सर म्हणतात, त्या गप्प बसण्यात माणूस दिसतो. फोटो साधा लावावा. मागच्या महिन्यात एका जनरल मॅनेजरने हळदीचा फोटो लावून पाठवला होता, गालाला हळद तशीच. मॅडम म्हणाल्या, "चला, आनंदी तर आहे." त्याला बोलावलं, आणि तो लागलाही.

असं पुष्कळ आहे. मी एका वहीत सगळं उतरवून ठेवलं आहे, पण त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

भाऊजी, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, "बहुतेक इंग्रजी थोडं कमी पडलं." ते खोटं होतं. मुलाखतीपर्यंत तुमचं नावच गेलं नव्हतं, तर इंग्रजी कोण ऐकणार होतं? तोंडात आलं ते बोललो. काल ताई आईजवळ सांगत होती, "आई वं, ते आता ड्युटीवरून येऊन मोबाइलवर इंग्रजी शिकून राहिले. मले फोनवर म्हणतात, हाऊ वॉज युवर डे. मी म्हटलं, भाजी करपली." ताई हसली, आईसुद्धा हसली. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बेचाळीस वर्षांचा माणूस बारा तास बॉयलरपाशी उभा राहून येतो आणि मी बोललेल्या एका खोट्या वाक्यासाठी अभ्यासाला बसतो. ते शिकणं आता बंद करा. किंवा आवडत असेल तर करा, पण त्या कारणासाठी करू नका.

आता खरं सांगतो.

ऑफिसात माझं काम तारखा तपासण्याचं आहे. प्रत्येक उमेदवारासाठी मी तीन रकान्यांचा तक्ता करतो. पहिल्यात बायोडाट्यावरची तारीख, दुसऱ्यात कंपनीच्या फॉर्मवरची, तिसऱ्यात जुन्या नोकरीच्या रिलिव्हिंग लेटरवरची. तिन्ही जुळल्या तर निळी शाई, न जुळल्या तर लाल. कारण लिहायची जागा तक्त्यात नाही. बी.कॉम.चं पहिलं वर्ष अर्धवट सोडलेल्या मुलाला या कामावर ठेवलं ते एवढ्याचसाठी की माझी चूक होत नाही. मॅडम बाहेरच्यांनाही सांगतात, "मोहितच्या हाताखालून गेलेला कागद मी परत पाहत नाही." मला त्याचा अभिमान होता.

तुमचा तक्ता मीच केला.

फॉर्मवर तुम्ही कोराडीची नोकरी सोडल्याचा महिना नोव्हेंबर २०२२ लिहिला होता. लेटरवर जानेवारी २०२२ होता. मधले दहा महिने मी लाल केले.

ते दहा महिने तुम्ही कुठे होता हे मला माहीत नाही असं कोण म्हणेल? आठवड्यातून तीनदा बाबांना डायलिसिसला नेत होता. आमच्या दुसऱ्या मजल्यावरून त्यांना खुर्चीसकट खाली उतरवायचं आणि चार तासांनी परत वर आणायचं. ठेकेदाराने रजा दिली नाही तेव्हा नोकरी सोडून आलात. मी पुस्तक बाजूला ठेवून उठलो की म्हणायचात, "तू बस गा. बारावी एकदाच येते. मी हावो न." बाबा शेजारच्यांना सांगायचे, "हा जावई नोहे, माही अँबुलन्स होय." नोव्हेंबरात बाबा गेले आणि डिसेंबरात तुम्ही रायपूरकडे गेलात, कारण मध्ये कोराडीची जागा भरली होती. तेव्हापासून अबोली तुम्हाला महिन्यातून दोन दिवस पाहते. बुटीबोरी झालं असतं तर तुम्ही रोज संध्याकाळी घरी असता.

सोमवारी आमच्याकडे यादी वाचतात. मॅडम एकेक नाव मोठ्याने घेतात आणि विचारतात, कोणाच्या नात्यातला, ओळखीचा आहे का. असेल त्याने हात वर करायचा, मग ते काम दुसऱ्याकडे जातं. एवढंच होतं, शिक्षा नसते. १३ जानेवारीला तुमचं नाव आलं.

मॅडम म्हणाल्या, "धम्मानंद रामटेके. अरे, हा चांगला होता. हे दहा महिने काय आहेत?"

सर म्हणाले, "फोन करून विचारू का?"

"तारीख खोटी लिहिली त्याला कारण काय विचारायचं, सर? कारण पण तसंच देईल. कोणाच्या ओळखीचा आहे का?"

मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायलो. बाटली खाली ठेवेपर्यंत पुढचं नाव आलं होतं.

गेले चार आठवडे मी स्वतःला समजावत आहे की मी तक्ता खरा केला. लपवलं असतं आणि रुजू झाल्यावर कंपनीने पकडलं असतं, तर तुम्हाला काढूनच टाकलं असतं. हे बरोबरच आहे, पण त्या सकाळी माझ्या मनात तसलं काही नव्हतं. आमच्याकडच्या रितिकाला आठच दिवसांपूर्वी कामावरून काढलं होतं. तिने एका उमेदवाराला आतली गोष्ट सांगितली होती. मी हात वर केला तर मॅडम विचारतील, तू काय काय सांगितलंस, एवढंच डोक्यात होतं.

कारण मीही सांगितलं होतं, भाऊजी. तुम्ही हे विसरला नसाल, पण चार आठवड्यांत एकदाही बोलून दाखवलं नाही.

गेल्या डिसेंबरात तुम्ही बायोडाटा करताना विचारलं, "हे मधले दहा महिने लिहू का, घरी आजारपण होतं म्हणून?" तुम्ही खरं लिहायलाच निघाला होता. मी म्हणालो, महिने लिहू नका, नुसती वर्षं लिहा, आमचे सर तसंच सांगतात. सरांनी ते एका साठीच्या माणसाला त्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांबद्दल सांगितलं होतं. मी शेजारच्या टेबलावरून तेवढं ऐकलं आणि त्याचा नियम केला. मग कंपनीच्या फॉर्मने महिना मागितला. तुमचा फोन आला, "इथं तं महिना मागून राहिले. खरंच लिहून टाकू का?" मी म्हणालो, बायोडाट्यात खंड दिसत नाही, आता फॉर्ममध्ये दिसला तर वाईट दिसेल, जुळवून घ्या. तुम्ही लेटरचं विचारलं. मी म्हणालो, ते कोणी एवढं पाहत नाही. बुटीबोरीचे तक्ते तेव्हा रितिका करायची आणि ती महिने पाहत नसे. ती गेली आणि तिचं काम माझ्याकडे आलं.

म्हणजे मीच खोटं लिहायला लावलं आणि मीच ते पकडलं.

परवा शुक्रवारी मी सरांना एकटं गाठून विचारलं, सासऱ्याच्या आजारपणासाठी कोणी नोकरी सोडली असेल तर बायोडाट्यात काय लिहावं. सर चष्मा पुसत म्हणाले, "काय लिहावं म्हणजे? तेच लिहावं. एक ओळ. मी इतकी वर्षं माणसं घेतली, त्या ओळीवरून कोणाला नाही म्हटलं नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोण आहे रे?"

मी नातं सांगितलं. ते मला मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं? ती जागा गेली, मोहित. कंपनीने माणूस घेतला."

तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. तारीख खोटी निघाली की ते नाव तीन वर्षं आमच्याकडून कोणत्याच कंपनीला पाठवत नाहीत. अशा नावांची मॅडमकडे वेगळी वही आहे, तुमचं नाव त्या वहीत आहे. बुटीबोरीला देखभालीच्या अजून दोन जागा मार्चमध्ये निघणार आहेत, त्या आमच्याचकडे येतील. मी म्हणालो, मॅडम, ते नाव काढा. त्या म्हणाल्या, "तुझ्या सांगण्यावरून काढणार नाही. त्यांनी मला स्वतः फोन करावा आणि नोव्हेंबर का लिहिलं ते सांगावं. मला पटलं तर काढीन."

भाऊजी, तिथेही मी अर्धंच बोललो. नातं सांगितलं, आजारपण सांगितलं. जुळवून घ्या असं मी म्हणालो होतो, ते सांगितलं नाही. मॅडम समोर बसल्या होत्या, सर शेजारी उभे होते, वेळही होता. मी फक्त "हो मॅडम" म्हणालो आणि बाहेर आलो. आता फार थकलो आहे. चुकांपेक्षा प्रत्येक चूक थोडी थोडी सांगण्यानेच माणूस जास्त थकतो, असं वाटतं.

मॅडमचा नंबर या पत्रामागे मोठ्या अक्षरात लिहिला आहे. सकाळी अकरा ते एक फोन करा, त्या वेळी त्या शांत असतात. बोलायचं मराठीतूनच. त्या पहिलाच प्रश्न विचारतील की नोव्हेंबर लिहायला कोणी सांगितलं. तुम्ही काय उत्तर द्याल ते मला माहीत आहे. "माह्याच मनानं लिहिलं मॅडम," असं म्हणाल. मेहुण्याची नोकरी जाऊ नये म्हणून म्हणाल आणि स्वतः त्या वहीत तीन वर्षं राहाल. ताईला तर कधीच कळू देणार नाही.

म्हणून आज मी दोन पत्रं लिहिली आहेत. दुसरं मॅडमच्या नावाने आहे, पाऊण पानाचं. डिसेंबरातले आपले दोन्ही फोन, मी वापरलेले शब्द, सगळं त्यात आहे आणि खाली माझी सही आहे. ते उद्या सकाळी यादी वाचायच्या आधी त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून तुमचं पत्र आजच पेटीत टाकतो. हे तुमच्या हातात पडेल तेव्हा ते त्यांच्या हातात असलंच पाहिजे, नाही तर मॅडमसमोर तुम्ही खोटे ठराल. स्वतःला एवढी भीती घातली की उद्या माझे पाय टेबलापर्यंत जातील.

माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. ताईला तुम्ही सांगा किंवा मी सांगतो, तुम्ही म्हणाल तसं. माफी मागत नाही, कारण तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि पुन्हा "असू दे गा" म्हणाल.

फक्त फोन करा, भाऊजी. आणि त्यांनी नाव विचारलं तर माझं सांगा, पूर्ण नाव सांगा.

बाबांना चार तास मशीनवर सोडून तुम्ही ज्याला परीक्षेच्या केंद्रावर पोहोचवून यायचात, तो तुमचा मेहुणा,

मोहित