आत्याचा जिताडा

सोनी आत्ये,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुझी नात पूर्वी तुला ते वाचून दाखवेल.

दर महिन्याला तू मला खाडीतला जिताडा देतेस, तो आमच्या घरी कधी शिजलाच नाही. खाडीपलीकडचा अणुइंधनाचा प्लांट बंद पडून आहे, तरी तिथलं पाणी, गाळ, मासळी तपासत राहावं लागतं. तेच माझं काम. तुझा मासा लॅबच्या भट्टीत जाळतो आणि त्याची राख तपासतो. तू विचारायचीस, "पोरीनं खाल्ला ना रं?" मी म्हणायचो, "खाल्ला."

काल तू तुकड्या करून, मीठ-हळद लावून डबाच दिलास. "निस्ता तलायचा हाय," म्हणालीस. मीठ लावलेला मासा लॅबला चालत नाही, म्हणून तो पहिल्यांदा कामोठ्याला घरी आला.

रिपोर्ट दर वेळी साफ येतो. मासळी खायला हरकत नाही, असं लिहून खाली सही मीच करतो. तरी तवा तापला आणि माझा हात पुढे जाईना. मनस्वी ताट घेऊन बसली होती.

"नको बाळा," मी म्हटलं. "आत्याआजीचा मासा खराब निघाला."

बाजारात तुझ्या मासळीच्या पाटीला कुणी असं म्हटलं, तर तू त्याच्या सात पिढ्या काढतेस.

मनस्वीनं डब्याला नाक लावलं. "नाही बाबा, ताजा आहे."

कोळ्याची पोर ती. तिला कसं फसवणार?

तुझ्यासमोर यायला तोंड नसलेला,
परेश