ब्लू आणि कोण?

सुनेकरवी फोनवर ‘आई लग्नाला येणार नाहीत, पाय दुखतोय’ असं कळवलंस, ते मला मुळीच आवडलं नाही. बेरिल, पाय तुझा, तोंडही तुझं, मग सुनेचं तोंड कशाला उसनं घेतलंस? आणि ज्या पायाने तू बोटीवरच्या पार्टीत नाचत होतीस, त्याचा फोटो तुझ्या सुनेनेच मला पाठवलाय. (दुखतो तो डावाच ना गं?)

असो. थोरलीचा धाकटीला आशीर्वाद, न मागताही. तुझी तब्येत बरी असणारच. माझी नाही. झोप उडालीये, अन्न गोड लागत नाही, आणि कारण आपला मेहुणा.

आपली नोरीन देवाघरी गेल्यावर आता या वयात ब्लू पुन्हा बोहल्यावर चढतोय, गेर्दाशी, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते हे, की नवरदेवाच्या बाजूला उभं राहून भाषण करायचा मान त्याने मला दिलाय. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर कुंपणावरून म्हणतो, “मॅव्ह, तूच उभी राहा. माझे दोस्त एकतर मेलेत, नाहीतर बहिरे झालेत.” म्हटलं, अरे बाबा, तो मान पुरुषाचा. तर म्हणे, “शाळेत मला सगळ्यात जास्त तूच बडवलंस.” मग हो म्हटलं.

भाषणाचं मला भय नाही. त्यात नवरदेवाची अब्रू काढायची असते, ती मी जन्मभर फुकट काढत आलेय. (नात टेगनने एक भाषण लिहून दिलंय. त्यात ‘प्रेमाचा प्रवास’ दोनदा आलाय. ब्लू गव्हाच्या कोठारांपलीकडे कधी गेला नाही, कसला प्रवास. मी ते कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलं.) भय आहे शेवटच्या ओळीचं. ग्लास उंच करून जोडप्याची नावं घ्यायची, आणि अख्खा हॉल उभा राहून तीच नावं माघारी म्हणतो आणि पितो. चर्चमध्ये पाद्र्यामागून म्हणतात तसंच, काय म्हणतोय इकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि माझ्या जिभेवर नावं आहेत ‘ब्लू आणि नोरीन’. एका दमात, मीठ-मिरीसारखी. आपल्या गावात एकदा जिभेवर बसलेलं नाव उठत नाही. केस लाल म्हणून उलट्या थट्टेने पोराला ब्लू, म्हणजे निळा, म्हणायला लागलो, आता डोक्यावर एक केस नाही तरी तो ब्लूच.

घरी सराव केला. ग्लास उचलला की नोरीन. चहाचा कप उचलला तरी नोरीन. नोरीनचं कुत्रं हल्ली माझ्याकडे असतं, ते नाव ऐकून दाराशी जाऊन बसायला लागलं. मग दार उघडून त्याला दाखवायचं की बाहेर कोणी नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेवटी तळहातावर पेनाने ‘गेर्दा’ लिहिलं आणि गुरुवारी क्लबात जेवायला गेले. ब्लूला सुरसुरी आली, म्हणाला, “होऊन जाऊ दे रंगीत तालीम.” उठले. गार बिअरच्या ग्लासाला घाम फुटलेला, माझ्या हाताला त्याहून जास्त. गेर्दा त्यात वाहून गेली. मी म्हटलं, “ब्लू आणि नोरीन.” सगळा क्लब उठला, “ब्लू आणि नोरीन” म्हणाला आणि प्याला. ब्लूने तर ग्लास रिकामा केला आणि मग त्याचा चेहरा पडला.

बसून राहिली ती एकटी गेर्दा. मला वाटलं, मोडलं लग्न, आणि तेही माझ्या तोंडाने. तिने ग्लास फिरवला आणि म्हणाली, “नोरीनच्या ओव्हनचं दार लागत नाही. तेवढं तरी जाताना कुणाला सांगून जायचं.” “तिच्या नावाने प्यायला माझी ना नाही,” ती म्हणाली, “पण आधी तिच्या नावाने वेगळं प्या, आणि मग माझ्या नावाने. एकाच घोटात दोघी नकोत.” आणि तिने घोट घेतला. बाई चांगली आहे. केक मात्र अगदी कोरडा करते.

तुझी,
मॅव्हिस

ता. क. नोरीनच्या नावाचा पहिला ग्लास मी उचलू शकत नाही, मी नवरदेवाच्या बाजूची. तो तिच्या बहिणीने उचलायचा, आणि मला वगळून मोजलं तर बहीण आता एकच उरलीये. तू आधी तिचं नाव घेऊन मोकळी केलीस तरच माझी जीभ दुसऱ्या नावाकडे वळेल. लग्न पुढचा शनिवार सोडून त्याच्या पुढच्या शनिवारी. बसून म्हटलंस तरी चालेल, पायाची सबब सांगू नकोस. तुला राग ब्लूचा नाही, हे मला कळतं. पण तू न आल्याने नोरीन परत येणार नाही, कुत्र्यालाही आता हे कळायला लागलंय.

ता. क. दुसरा. आली नाहीस तर भाषणात ब्लूची अब्रू काढून झाल्यावर मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुडवायच्या हौदातली तुझी गोष्ट सांगेन. लोकांना ती माहीत आहे. तुझ्या सुनेला नाही.

ता. क. तिसरा. काल दिवसभर ‘गेर्दा, गेर्दा’ घोकलं, आणि आज सकाळी कुत्र्याला गेर्दा म्हणून हाक मारली. ते आलं. तेव्हा घाई कर. उत्तर तू स्वतः द्यायचं. सुनेचा फोन आला तर मी उचलणार नाही, आणि पायाकडून आलेला निरोप तर मुळीच ऐकणार नाही.