घराला दिलेला रंग

तीर्थरूप अण्णांना प्रियदर्शनीचा नमस्कार.

इथे औंढ्यात मी बरी आहे. फोन केला की तुम्ही तो लगेच आईकडे देता, म्हणून लिहिते.

रविवार निवांत गेला. कपडे धुतले, दळण आणलं, मेथी घेतली. दुपारी मैत्रिणीकडे, कालिंदीकडे, आमची आवडती मालिका पाहायला बसले. जाहिराती लागल्या तसा तिने फोनवरचा एक फोटो पुढे केला.

"अगं, तुमच्या रेवतीचा साखरपुडा झाला की गुरुवारी! तू काहून न्हाई गेली?"

"सुट्टी न्हाई मिळाली."

"सख्ख्या बहिणीपेक्षा हापिस मोठं व्हय गं?"

मी हसले. मालिका शेवटपर्यंत पाहिली.

या आठवड्यात येऊ नको, घराला रंग देऊन राहिलो, असं आई म्हणाली होती. फोटोतल्या भिंती जुन्याच आहेत. थोरली अजून बिनलग्नाची आहे हे पाहुण्यांना कळू नये, एवढंच ना?

रेवती हिरव्या साडीत छान दिसते, तिला सांगा. तुमचा गुडघा कसा आहे?

लग्नाला मी हट्ट्याला येणार आहे. पाहुण्यांना तुम्ही किती मुली सांगितल्यात, तेवढं कळवा. म्हणजे मांडवात कोण म्हणून उभं राहायचं ते मला ठरवता येईल.

तुमची थोरली,
प्रियदर्शनी